नरसीचे नामदेव शिंपी

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघालेल्या या पुस्तिकेत ख्रिस्तसभेबाहेरील एका पुरुषाचे चरित्र कशास, असा प्रश्न एखादा वाचक करील. त्यास आमचे उत्तर थोडक्यात असे आहे. परधर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर करावयाचा नाही, असे व्हॅटिकन परिषदेने 1965 साली जाहीर केले. परंतु त्याच्याही साडेतीनशे वर्षे आधी, 1616 साली, फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले ख्रिस्तपुराण रचिले तेव्हा त्यांनी महाराष्ट्रातील संतांच्याच ओवीचा आश्रय केला होता. ज्या भाषेत आपण प्रार्थना करितो ती भाषा भक्तीस योग्य व्हावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांतील एक थोर पुरुष आपल्या हिंगोली जिल्ह्यात जन्मले. दुसरे कारण असे की आपल्यापैकी पुष्कळांचे पोट हातांच्या कामावर चालते आणि त्यांतील काहींना गाण्याची किंवा लिहिण्याची देणगीही लाभलेली असते. अशांच्या घरी कमाई व कला यांमध्ये जी ओढाताण होते ती नामदेवांच्या घरी भरपूर झाली होती, आणि ती लपवून ठेविलेली नाही.

हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. आज ते नरसी नामदेव या नावाने ओळखिले जाते. पूर्वी हा सर्व मुलूख परभणी जिल्ह्यात मोडत असे. 1 मे 1999 रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. येथे शके 1192, कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे 26 ऑक्टोबर 1270 रोजी, दामाशेटी व गोणाई या दांपत्याच्या पोटी नामदेवांचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. काही अभ्यासक जन्मस्थानाचा मान पंढरपुरास देतात. कुटुंब पुढे पंढरपुरास राहिले आणि नामदेवांचे बहुतेक आयुष्य तेथे गेले, यात मात्र वाद नाही. ज्ञाती शिंप्याची, आडनाव रेळेकर. कापड बेतणे, शिवणे आणि बाजारी नेऊन विकणे हा पिढीजात उद्योग. दामाशेटी पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. परंतु वारी करून आल्यावर ते पुन्हा गज व कातर हाती घेत. मुलानेही तसेच करावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मुलाचे चित्त मात्र दुकानात रमेना. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या भक्तविजय ग्रंथात यासंबंधी एक कथा आहे. बापाने नामदेवांस कापड देऊन बाजारास धाडिले. ते भजनात दंग झाले व कापड तसेच राहिले. परतताना वाटेत धोंडे दिसले. हे बिचारे उघड्यावर थंडीत बसले आहेत असे वाटून त्यांनी सारे कापड त्या धोंड्यांवर पांघरले, पैसे पुढील खेपेस द्यावयाचे ठरविले आणि त्यांतलाच एक धोंडा जामीन धरिला. पुढल्या बाजारी पैसे आले नाहीत, तेव्हा जामिनासच उचलून घरी आणिले व खोलीत कोंडिले. त्याचे सोने झाले, असा कथेचा शेवट आहे. कीर्तनांत या शेवटावर भर दिला जातो. आमचे लक्ष आधीच्या भागाकडे जाते. उधारी, जामीन, पुढल्या बाजाराचा वायदा, हे सारे व्यापाऱ्याचे शब्द त्या तरुणास पाठ होते. धंदा त्यास येत नव्हता असे नाही. गिऱ्हाईक कोण, एवढ्यापुरताच त्याचा व त्याच्या बापाचा हिशेब जुळत नव्हता.

धोंड्याचे सोने प्रत्येक आठवड्यास होत नाही, हे घरच्या बायकांस कोणी सांगावयास नको होते. नामदेवांचा विवाह राजाईशी झाला होता. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र आणि लिंबाई ही कन्या झाली. खाणारी तोंडे वाढली आणि मिळविणारा राऊळात उभा. नामदेवांच्या गाथेत गोणाई व राजाई यांच्या तोंडचे अभंग आहेत. ते आम्ही जेव्हा वाचितो तेव्हा त्यांतील रोखठोकपणाने चकित होतो. आई थेट विठ्ठलाशी भांडण मांडते, की माझे पोर तू मला परत दे. पत्नी घरातील उणे एकेक करून मोजते. या अभंगांतील सर्वच नामदेवांच्या हातचे नसतील. नामा या मुद्रेने पुढील काळातही अनेकांनी रचना केली आहे. तथापि ज्या परंपरेने नामदेवांस देवाचा लाडका ठरविले, तिनेच त्यांच्या पत्नीची तक्रार त्यांच्याच गाथेत जपून ठेविली. संतचरित्रांत असा प्रामाणिकपणा नेहमी आढळत नाही.

राजाईचीच दुसरी एक कथा आहे. पंढरपुरात परिसा भागवत या नावाचे गृहस्थ असत व त्यांच्यापाशी लोखंडाचे सोने करणारा परीस होता. त्यांच्या पत्नीकडून राजाईने तो घटकाभर मागून आणिला व घरातील लोखंडाचे सोने केले. नामदेवांस कळताच त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकिला. परिसा भागवत संतापून आले तेव्हा नामदेवांनी वाळवंटातून ओंजळभर खडे काढून दिले आणि ते सारेच परीस निघाले, असे महिपती सांगतात. चमत्काराविषयी आम्ही येथे काही म्हणत नाही. परंतु ती कथा सांगताना कीर्तनकार राजाईस हास्यास्पद करितात, ते आम्हांस रुचत नाही. चुलीपुढे बसणारीस लोभी म्हणणे फार सोपे असते.

आपल्या ख्रिस्तसभेतही याच्याशी जुळणारे एक चरित्र आहे. इटलीतील क्रेमोना शहरी होमोबोनस या नावाचे कापडाचे व्यापारी व शिंपी होऊन गेले. नामदेवांच्या जन्मापूर्वी 73 वर्षे, 13 नोव्हेंबर 1197 रोजी, मिस्साबलिदानास उपस्थित असतानाच त्यांनी देह ठेविला, आणि दोनच वर्षांत पोप तिसरे इनोसंट यांनी त्यांस संतपद दिले. शिंपीकाम करणाऱ्यांचे ते आश्रयदाते संत होत. त्यांनी धंदा सोडिला नाही. मिळकत गरिबांस वाटली. त्यांच्याही पत्नीने त्याबद्दल त्यांस बोल लाविला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. क्रेमोना व पंढरपूर यांमध्ये हजारो कोसांचे अंतर आहे, पण कापडाच्या दुकानामागील घर दोन्हीकडे सारखेच दिसते.

नामदेवांच्या आयुष्यास वळण लागले ते ज्ञानेश्वर व त्यांच्या भावंडांच्या भेटीने. त्या काळी पंढरीच्या वाळवंटात जी मंडळी जमली ती बहुतेक हातांनी काम करणारी होती. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, चोखामेळा. एकदा तेर येथे गोरोबांच्या घरी सर्व संत जमले असता मडकी कच्ची की पक्की हे थापटण्याने पाहतात तसे गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले. इतर स्वस्थ बसले; नामदेव चिडले. गोरोबांनी हे मडके कच्चे आहे असा निर्णय दिला. विद्वानांच्या सभेत नव्हे, तर एका कारागिराच्या ओसरीवर, त्याच्याच धंद्याच्या हत्याराने हा निकाल लागला, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. गोड गळा व देवाशी सलगी असलेला हा तरुण कवी अद्याप भाजून निघाला नव्हता.

त्यानंतर नामदेव आपल्याच भागात परत आले. औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर हे शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले त्यांस दिसले. पाय काढावयास सांगताच, जेथे देव नाही तेथे तूच ते ठेव, असे विसोबांनी सुचविले. आणि जेथे म्हणून पाय ठेवावे तेथे लिंग दिसू लागले. देव एका राऊळात कोंडलेला नाही, हा बोध नामदेवांस येथे झाला. कवीच्या दृष्टीनेही हा बोध मोठा होता. देव जर फक्त राऊळात असेल तर दुकानात घालविलेली प्रत्येक घटका वाया जाते. देव जर सर्वत्र असेल तर शिवणाची टीपही त्याच्यासमोरच पडते.

औंढ्याशी दुसरी एक आठवण जोडलेली आहे आणि ती कडू आहे. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत असता त्यांस हीन ज्ञातीचे म्हणून उठवून मागल्या बाजूस घालविण्यात आले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा सांगतात व तेथील नंदी देवळाच्या मागे असल्याचा दाखला देतात. देवळाबाहेर घालविल्याचे दुःख नामदेवांच्या पदांतही आहे. शिंप्याच्या कुळी मला का जन्मास घातले, असे ते एका पदात देवास विचारितात. तेव्हा धंदा हा त्यांस केवळ उदरनिर्वाहाचे साधन नव्हता. त्याच धंद्याच्या नावाने त्यांचा अपमानही होत असे. असा मनुष्य संधी मिळताच धंद्याचे नाव पुसून टाकील, असे वाटणे साहजिक आहे. नामदेवांनी तसे केले नाही. शीख बांधवांच्या ग्रंथसाहेबात असलेल्या त्यांच्या एका पदात मन हा गज होतो, जीभ ही कातर होते, आणि तिने ते यमाचा फास मोजून मोजून कापीत जातात. सुई व दोरा हेही तेथे भक्तीची साधने होऊन येतात. ज्या हत्यारांवरून लोक हिणवीत तीच त्यांनी देवापुढे मांडिली.

शिंप्याची शिस्त त्यांच्या कवित्वातही दिसते. अभंगाचे मोजमाप सांगणारा एक अभंग त्यांच्या नावावर आहे. सहा-सहा अक्षरांचे तीन चरण मिळून अठरा, त्यापुढे चार अक्षरांचा शेवटला चरण, एकूण बावीस, असा हिशेब त्यात दिला आहे. कापड अंगास बसावे म्हणून ज्याने हजारदा गज लाविला तो बोलही मोजूनच घेणार. मराठीत चरित्रकाव्याचा आरंभही त्यांच्याकडूनच झाला. शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली तेव्हा नामदेव सव्वीस वर्षांचे होते. आदि, तीर्थावळी व समाधी या प्रकरणांत त्यांनी आपल्या मित्राचा जो वृत्तांत गायिला आहे, तो वाचताना आजही डोळे पाणावतात. वारकरी कीर्तनाचे आद्य प्रवर्तक म्हणूनही त्यांचेच नाव घेतात.

आणि घराचे काय झाले? परंपरा सांगते की ज्या घराने प्रथम कुरकुर केली ते सारे घरच पुढे गाऊ लागले. आई, पत्नी, मुले, सुना यांच्या नावावर अभंग आहेत. सर्वांत थोर रचना मात्र घरच्या दासीची आहे. जनाबाई या गोदाकाठच्या गंगाखेडच्या, म्हणजे शेजारच्याच परभणी जिल्ह्यातील. लहानपणीच त्या दामाशेटींच्या घरी आल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या वेचणे हे त्यांचे नित्याचे काम. त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि त्यांत जाते, केर, उखळ हे सर्व येते. नामदेवांस निदान वाळवंटात जाऊन उभे राहता येई. जनाबाईंना जात्यापासून उठण्याची मुभा नव्हती, म्हणून त्यांनी देवासच दळावयास बसविले. हात कामात व चित्त गाण्यात, हे जे नामदेवांनी पुढे दूरदेशी जाऊन सांगितले, त्याचा पाठ त्यांच्या स्वतःच्या घरी पहाटे रोज चालत होता, असे आम्हांस वाटते.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे बराच काळ राहिले. तिकडे त्यांची ओळख छींबा, म्हणजे कापड शिवणारा व छापणारा, अशी आहे. 1604 साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची 61 पदे समाविष्ट आहेत. त्याच ग्रंथात कबीराच्या नावावर असलेल्या श्लोकांमध्ये नामदेव व त्यांचे मित्र त्रिलोचन यांचा एक संवाद आहे, आणि आमच्या विषयाचे मर्म त्यात आहे. त्रिलोचन दोष देतात, की तू मायेत गुंतला आहेस. कापड छापीत काय बसलास, रामाकडे चित्त का लावीत नाहीस? यावर नामदेवांचे उत्तर असे, की मुखाने नाम घ्यावे, हातापायांनी सर्व काम करावे आणि चित्त त्याच्यापाशी ठेवावे. वाचकहो, पंढरपुरात आई व पत्नी म्हणत होत्या की हा देवापायी काम सोडितो. येथे मित्र म्हणतो की हा कामापायी देव सोडितो. एकाच मनुष्यावर आयुष्याच्या दोन टोकांस दोन उलट आरोप आले. दुसरा आरोप येण्याइतका तो मनुष्य कामात बसलेला दिसू लागला होता, ही गोष्ट गोणाईच्या कानी गेली असती तर तिला किती बरे वाटले असते!

त्रिलोचनांनाच उद्देशून असलेले त्यांचे दुसरे एक पद आहे. त्यात ते वादविवाद करीत नाहीत, केवळ दृष्टांत देतात. पोरगा कागदाचा पतंग उडवितो, सोबत्यांशी बोलतो, परंतु लक्ष दोरीकडे. बाया डोक्यावर घागरी घेऊन हसत बोलत येतात, लक्ष घागरीकडे. गाय पाच कोस दूर चरते, लक्ष वासराकडे. आई घरातील सारी कामे करिते, लक्ष पाळण्यातील मुलाकडे. सोनाराचाही दृष्टांत त्यात आहे. हे सर्व लोक कामात आहेत आणि त्यांतील एकही काम टाकून बसलेला नाही.

संत पौल तंबू करण्याचा धंदा करीत. करिंथ येथे ते अक्विला व प्रिस्किल्ला या समव्यवसायी दांपत्याच्या घरी राहून काम करीत आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात उपदेश करीत, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस श्रम केले, याची त्यांनी थेस्सलनीकरांस आठवण दिली. प्रभू येशूचे पालकपिता संत योसेफ हे सुतार. कामकरी संत योसेफ यांचा सण 1 मे रोजी पाळावा असे पोप बारावे पायस यांनी 1955 साली ठरविले. तेव्हा ज्या घरी सकाळी कातर किंवा करवत चालते व सायंकाळी गायनमंडळाचा सराव होतो, त्या घरास आपल्या ख्रिस्तसभेतही जुने नातलग आहेत. अशा घरातील राजाईचे म्हणणे मात्र कोणी तरी ऐकिले पाहिजे. सरावास जाणाऱ्याने जाण्यापूर्वी तेवढे करावे, अशी आमची सूचना आहे.

वृद्धापकाळी नामदेव पंढरपुरात होते. 1338 साली मंगळवेढे येथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा व इतर मजूर तिच्याखाली गाडले गेले. वेठीस धरलेल्या मजुरांच्या मरणाची त्या काळी कोण दाद घेणार? नामदेव स्वतः तेथे गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी शोधून काढिल्या आणि पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधिली. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटली, असे सांगतात. मातीत मिसळलेल्या मजुरांच्या हाडांतून आपल्या मित्राची हाडे निवडीत बसलेला सत्तरीकडे झुकलेला तो शिंपी डोळ्यांपुढे आणावा.

शके 1272, आषाढ वद्य त्रयोदशीस, 3 जुलै 1350 रोजी, नामदेवांनी वयाच्या 80 व्या वर्षी पंढरपुरात देह ठेविला. सुमारे तीनशे वर्षांनी देहूचे तुकाराम, व्यवसायाने वाणी, यांनी आपल्यास नामदेवांनी स्वप्नात येऊन उरलेले कवित्व पुरे करावयास सांगितले असे आपल्या अभंगांत नमूद केले. 1970 साली, सातशेव्या जन्मवर्षी, महाराष्ट्र शासनाने नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. आणि 2015 च्या एप्रिलमध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अठ्ठ्याऐंशीवे, घुमान येथे भरले. पंढरपुरात विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी जी पहिली पायरी आहे तिला नामदेव पायरी म्हणतात. आत जाणाऱ्या संतजनांच्या पायांची धूळ आपल्या अंगावर पडावी अशी त्यांची इच्छा होती. वारकरी त्या पायरीवर पाय न देता ती ओलांडून जातात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे.